पिनकोड दोनदा लिहिला की होणाऱ्या बारा अंकी संख्येची कुंडली

सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४१३००१. तोच शेजारी पुन्हा एकदा लिहा: ४१३००१४१३००१. वाचायची तर एकेचाळीस हजार तीनशे कोटी, चौदा लाख तेरा हजार एक. हिला विभाजक किती? त्या विभाजकांची बेरीज किती? दोन वर्गांची बेरीज म्हणून ही लिहिता येते का, आणि किती प्रकारे? १ ला हिने भागलं तर दशांशातले अंक किती घरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात? या सगळ्याला कागद, पेन आणि दुकानाच्या गल्ल्यावर असतं तसलं बारा अंकी कॅल्क्युलेटर पुरतं.

अडतं ते एकाच ठिकाणी, मूळ अवयव पाडताना. ते बरोबर पडले की बाकीची कुंडली नुसत्या गुणाकार-बेरजांनी निघते. ते चुकले तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो, आणि चुकलाय हे दिसतही नाही. म्हणून पुढे अर्ध्याच्या आसपास जागा अवयवांनाच दिली आहे.

आधी स्वल्पविराम पुसा

आपण शेवटचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोनचे गट पाडतो: ४,१३,००,१४,१३,००१. विभाज्यतेच्या कसोट्यांना मात्र सारख्या लांबीचे गट लागतात, तेही उजवीकडून. स्वल्पविराम तसेच ठेवून तिनाचे गट पाडायला गेलं की नजर चुकते. आपली संख्या बारा अंकी आहे, त्यामुळे दोन, तीन, चारचे गट कुठूनही पाडले तरी तेच पडतात. पाचाचे गट पाडले तर डावीकडे ४१ एवढेच दोन अंक उरतात. तिथे डावीकडून सुरुवात करणारा हमखास फसतो.

आता कसोट्या. शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ९ आणि ९ मिळून १८, म्हणून ९ ने भाग जातो. २७ चं काय? "१८ ला २७ ने भाग जात नाही, म्हणून संख्येलाही जात नाही" असं बरेच जण म्हणतात. इथे उत्तर योगायोगाने बरोबर येतं, पण रीत खोटी आहे. २७ हीच संख्या घ्या. तिच्या अंकांची बेरीज ९, त्या ९ ला २७ ने भाग जात नाही, पण २७ ला जातोच की. अंकांची बेरीज ३ आणि ९ पुरतीच बोलते.

२७ साठी तिनाचे गट घ्यायचे: ४१३, ००१, ४१३, ००१. बेरीज ८२८. ९९९ म्हणजे २७ × ३७, म्हणून या एकाच बेरजेत दोन्ही कसोट्या होतात. ८२८ ला २७ ने भागलं तर बाकी १८, ३७ ने भागलं तर १४. दोघंही बाद.

तेच गट आता उजवीकडून एक अधिक, एक उणे असे धरा: १ − ४१३ + १ − ४१३ = −८२४. १००१ म्हणजे ७ × ११ × १३, म्हणून इथे तीन कसोट्या एका वजाबाकीत. ८२४ ला ७ ने भागून बाकी ५, ११ ने १०, १३ ने ५. तिघंही बाद. भाग जातो की नाही एवढंच पाहायचं असेल तर उणे चिन्ह सोडलं तरी चालतं. खरी बाकी हवी असेल तर चालत नाही: −८२४ ची ७ ने येणारी बाकी ५ नव्हे, २ आहे.

चाराचे गट: ४१३०, ०१४१, ३००१. एकाआड एक चिन्ह लावून ३००१ − १४१ + ४१३० = ६९९०. १०००१ म्हणजे ७३ × १३७. ६९९० ला ७३ ने भागून बाकी ५५, १३७ ने ३. हेही गेले.

दोनाचे गट शेवटी घेतले, कारण गंमत तिथे आहे. ४१, ३०, ०१, ४१, ३०, ०१. उजवीकडून: १ − ३० + ४१ − १ + ३० − ४१ = ०. पूर्ण शून्य. १०१ ने निःशेष भाग जातो. १०० ला १०१ ने भागताना बाकी −१ धरता येते, म्हणून दोन-दोन घरं सरकताना चिन्ह पालटतं, एवढंच या कसोटीमागचं कारण. पण प्रत्येक जोडी आपल्या जुळ्या जोडीशी अशी खटाखट कटते तेव्हा तो योगायोग नसतो. ती संख्या कशी घडली आहे त्याची ही खूण आहे.

संख्येची ठेवण पाहा, मगच भागाकार

सहा अंकी संख्या दोनदा लिहिणं म्हणजे तिला १०००००१ ने गुणणं. आपली संख्या = ४१३००१ × १०००००१. पिनकोड कोणताही असो, हा दुसरा अवयव तोच राहतो.

१०००००१ म्हणजे १०० चा घन अधिक १. घनांच्या बेरजेचं शाळेतलं सूत्र लावा: (१०० + १) × (१०००० − १०० + १), म्हणजे १०१ × ९९०१. म्हणून बार्शीचा असो की अक्कलकोटचा, दोनदा लिहिलेल्या कुठल्याही पिनकोडला १०१ आणि ९९०१ ने भाग जातोच. तीन अंकी संख्या दोनदा लिहिली की ७, ११ आणि १३ येतात. चार अंकी दोनदा लिहिली की ७३ आणि १३७. पाच अंकी दोनदा लिहिली की ११ आणि ९०९१.

९९०१ मूळ आहे का? तिचं वर्गमूळ ९९.५ च्या आसपास, म्हणून १०० च्या आतल्या २५ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. पण इथे वीस भागाकार वाचतात. समजा एखादी मूळ संख्या ९९०१ ला भागते. मग ती १०००००१ लाही भागते, म्हणजे १० च्या सहाव्या घाताची बाकी −१ आणि बाराव्या घाताची १. त्यामुळे बाकी पहिल्यांदा १ होते ती चौथ्या घाताला तरी किंवा बाराव्या घाताला तरी. चौथ्याला होत असेल तर १०० ची बाकी −१, आणि ९९०१ = १०००० − १०० + १ ची बाकी १ + १ + १ = ३. म्हणजे ती मूळ संख्या ३ च असायला हवी, आणि ९९०१ च्या अंकांची बेरीज १९ असल्यामुळे ३ चा प्रश्नच नाही. उरला बारावा घात. तसं असेल तर त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर १२ ने भाग गेला पाहिजे. १०० च्या आत अशा मूळ संख्या पाचच: १३, ३७, ६१, ७३, ९७. ९९०१ ला यांनी भागून बाक्या येतात ८, २२, १९, ४६, ७. एकही शून्य नाही. ९९०१ मूळ.

उरलेल्या ४१३००१ ला फोडणं

९ ने भागा: ४५८८९. हिच्या अंकांची बेरीज ३४, म्हणजे ३ आता संपला. सरळ मार्ग म्हणजे ७ पासून एकेका मूळ संख्येने भागत जाणं. २५ भागाकार वाया जातात आणि सव्विसाव्याला, १०९ पाशी, यश येतं. कॅल्क्युलेटरवर तेही फार नाही. पण इथे दुसरी रीत हातात असलेली बरी. मोठा अवयव लहानाच्या साधारण दुप्पट, तिप्पट, चौपट असा ठोक पटीत असेल तर ती पटकन लागू पडते. फर्माच्या रीतीला लेहमनने १९७४ मध्ये जोडलेली ही सुधारणा.

रीत अशी. संख्येला ४, ८, १२, १६ असं चाराच्या पाढ्याने गुणत जायचं. दर वेळी गुणाकाराच्या वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि त्यातून गुणाकार वजा करायचा. वजाबाकी पूर्ण वर्ग आली की काम झालं.

४ पट: १८३५५६. वरची संख्या ४२९, वर्ग १८४०४१, फरक ४८५. २२ चा वर्ग ४८४, एकाने हुकलं. अशा ठिकाणी घाईत "जमलं" म्हणून पुढे जाऊ नका.
८ पट: ३६७११२. वरची संख्या ६०६, वर्ग ३६७२३६, फरक १२४. नाही.
१२ पट: ५५०६६८. वरची संख्या ७४३, वर्ग ५५२०४९, फरक १३८१. नाही.
१६ पट: ७३४२२४. वरची संख्या ८५७, वर्ग ७३४४४९, फरक २२५. म्हणजे १५ चा वर्ग.

आता ८५७ + १५ = ८७२ आणि ८५७ − १५ = ८४२. यात आपण बाहेरून घातलेला १६ चा गुणक अजून आहे, म्हणून यांचा ४५८८९ शी मसावि काढायचा. ८७२ = ८ × १०९, ८४२ = २ × ४२१. म्हणून ४५८८९ = १०९ × ४२१. चौथ्या पायरीला उत्तर. १०९ आणि ४२१ मूळ आहेत का, तेही लगेच पाहा. ४२१ चं वर्गमूळ २०.५, आणि ७, ११, १३, १७, १९ ने भागून बाक्या १, ३, ५, १३, ३. दोन्ही मूळ.

ठेवण न पाहता फर्माची मूळ रीत (कशानेही न गुणता, वर्गमुळाच्या वरची एकेक संख्या घेऊन तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करत पाहणं) थेट बारा अंकी संख्येवर लावली असती तर? तिच्या वर्गमुळापाशी सुरुवात ६४२६५२ पासून होते आणि पहिला पूर्ण वर्ग ७०६५०१ ला येतो. ६३,८५० पायऱ्या. उलट सरळ २, ३, ५, ७ करत भागत गेलात तर ४२१ ही ८२ वी मूळ संख्या, तिथपर्यंत सगळं फुटतं, आणि उरलेली ९९०१ ही ४२१ च्या वर्गाहून लहान असल्यामुळे मूळ आहे हे आपोआप ठरतं. म्हणजे सरळ भागाकारात कष्ट किती हे थेट सर्वांत मोठ्या अवयवावर ठरत नाही. त्याच्या खालचा, दुसऱ्या क्रमांकाचा अवयव आणि सर्वांत मोठ्याचं वर्गमूळ, यांत जे मोठं त्यावर ठरतं. मात्र त्यासाठी प्रत्येक वेळी भाग गेला की वर्गमुळाची मर्यादा उरलेल्या संख्येवरून नव्याने काढली पाहिजे. सुरुवातीच्या बारा अंकी संख्येचीच मर्यादा धरून बसणारे साडेसहा लाखांपर्यंत भागत राहतात.

अवयव हाती आले: ३ × ३ × १०१ × १०९ × ४२१ × ९९०१.

पडताळा, पण नवाचा नको

गुणाकार तपासायला आपल्याकडे नवाची कसोटी पाठ असते. इथे ती जवळजवळ आंधळी आहे. अवयवांत ९ आहे, म्हणून इतर कुठलाही अवयव चुकीचा लिहिला तरी गुणाकाराची नवाने बाकी शून्यच येणार. शिवाय दोन अंकांची अदलाबदल ही कसोटी कधीच पकडत नाही.

अकराची कसोटी वापरा. संख्येचे अंक उजवीकडून एकाआड एक चिन्हाने: १ − ० + ० − ३ + १ − ४ + १ − ० + ० − ३ + १ − ४ = −१०, म्हणजे बाकी १. आता अवयवांच्या बाक्या: ९, २, १०, ३, १. ९ × २ = १८, बाकी ७. ७ × १० = ७०, बाकी ४. ४ × ३ = १२, बाकी १. १ × १ = १. जुळलं. यानंतर कॅल्क्युलेटरवर पूर्ण गुणाकार करा: ९०९, ९९०८१, ४१७१३१०१, ४१३००१४१३००१. शेवटचा आकडा बारा घरांत बरोबर मावतो. दहा घरांचं कॅल्क्युलेटर असेल तर शेवटचे अंक कापले जातील किंवा चुकीची खूण येईल.

आता कुंडली

*विभाजक किती.* प्रत्येक अवयवाचा घातांक घ्या, त्यात १ मिळवा आणि सगळे गुणा. ३ चा घातांक २, बाकी चौघांचा १: ३ × २ × २ × २ × २ = ४८. दोन ३ वेगवेगळे धरणाऱ्याला ६४ येतात, ते चूक. ४८ म्हणजे २४ जोड्या. त्यांतली सर्वांत जवळच्या दोन संख्यांची जोडी ४१३००१ आणि १०००००१, ज्यांच्यापासून आपण सुरुवात केली तीच.

*विभाजकांची बेरीज.* सुट्या मूळ अवयवात १ मिळवायचा. ३ च्या वर्गासाठी मात्र १ + ३ + ९ = १३ (४ × ४ = १६ नव्हे, सर्वांत जास्त चूक इथेच होते). १३ × १०२ × ११० × ४२२ × ९९०२ = ६०९४९७०१३८४०. यातून संख्या स्वतः वजा केली तर १९६४९५६००८३९. हे संख्येपेक्षा कमी, म्हणून ती न्यून. परिपूर्ण व्हायला बेरीज बरोबर संख्येइतकी लागते, जशी ६, २८, ४९६ यांची.

*सहमूळ किती.* १ पासून या संख्येपर्यंत किती संख्यांचा तिच्याशी मसावि १ आहे? सुट्या अवयवातून १ वजा करा; ३ च्या वर्गासाठी ९ − ३ = ६. ६ × १०० × १०८ × ४२० × ९९०० = २६९४३८४०००००. शंभरात सुमारे ६५.

*घातांचं चक्र.* याच पाच आकड्यांचा, ६, १००, १०८, ४२०, ९९०० यांचा, गुणाकार न करता लसावि काढा: ४ × २७ × २५ × ७ × ११ = २०७९००. आपल्या संख्येशी सहमूळ असलेली कुठलीही संख्या घ्या, तिचा २०७९०० वा घात आपल्या संख्येने भागल्यावर बाकी १ येते. ऑयलरच्या नियमाने (त्यात वरची सहमूळांची संख्याच घात म्हणून घेतात) हाच घात सत्तावीस हजार कोटींच्या जवळ सांगितला असता. लसावि घेतल्यावर तो दोन लाखांवर येतो.

दोन वर्गांची बेरीज

सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात स्थापलेली लिंगं ६८. ६८ = ६४ + ४, म्हणजे ८ आणि २ यांच्या वर्गांची बेरीज. कारण ६८ = ४ × १७, आणि १७ ला ४ ने भागल्यावर बाकी १. नियम असा: ज्या मूळ अवयवांना ४ ने भागून बाकी ३ येते त्या सर्वांचे घातांक सम असले पाहिजेत. एक जरी विषम निघाला तरी दोन वर्गांची बेरीज जमत नाही.

आपल्या अवयवांत बाकी ३ देणारा एकटा ३, आणि तो वर्गात आहे. बाकीचे चारही १ देतात. म्हणून जमतं, आणि चार वेगवेगळे अवयव असल्यामुळे क्रम न धरता आठ प्रकारे जमतं. प्रत्यक्ष जोड्या काढायला आधी लहान तुकडे:

१०१: १० आणि १.
१०९: १० आणि ३.
४२१: १५ आणि १४.
९९०१: ९९ आणि १०.

मग भावना, जी ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दिली: अ, ब आणि क, ड या दोन जोड्या असतील तर गुणाकाराची जोडी (अक − बड) आणि (अड + बक). चिन्हं उलटी करून दुसरी: (अक + बड) आणि (अड − बक). १०९ आणि ४२१ वर लावा. १०×१५ − ३×१४ = १०८, १०×१४ + ३×१५ = १८५. उलट चिन्हाने १९२ आणि ९५. त्यांना ३ ने गुणलं की ४१३००१ च्या दोन जोड्या: ३२४ व ५५५, ५७६ व २८५. १०१ आणि ९९०१ वरून १०००००१ च्या दोन: १००० व १, ९८० व १९९. दोन गुणिले दोन, आणि प्रत्येकी दोन चिन्हं:

३२३४४५ व ५५५३२४
३२४५५५ व ५५४६७६
५७५७१५ व २८५५७६
५७६२८५ व २८४४२४
२०७०७५ व ६०८३७६
४२७९६५ व ४७९४२४
५०७७६५ व ३९३९२४
६२११९५ व १६४६७६

वरच्या चौघांत ३२४ मागे ५५५, ५७६ मागे २८५ असे मूळचे आकडे उघडे दिसतात. ते १००० व १ या जोडीमुळे. एकाचा तरी पूर्ण पडताळा करा: ५७६२८५ चा वर्ग ३३२१०४४०१२२५, २८४४२४ चा ८०८९७०११७७६, बेरीज ४१३००१४१३००१. इथे वजाबाकी उणे आली तर चिन्ह सोडून द्यायचं, वर्गात त्याचा फरक पडत नाही.

दशांशाचं आवर्तन, आणि हर्षद

१ ला संख्येने भागलं तर किती अंकांनी आवर्तन येतं? प्रत्येक अवयवाचं आवर्तन काढून लसावि घ्यायचा. ९ चं १, १०१ चं ४ (०.००९९००९९...), ९९०१ चं १२ (०००१००९९९८९९ हा पूर्ण तुकडा). १०९ चं पुरतं १०८, जेवढं जास्तीत जास्त होऊ शकतं तेवढं. ४२१ चं ४२० नाही, १४० आहे: १० च्या सातव्या घाताची ४२१ ने बाकी −१३, पस्तिसाव्याची २९, आणि २९ चा वर्ग ८४१ म्हणजे ४२१ च्या दुपटीला एक कमी. म्हणून सत्तराव्या घाताला बाकी −१ आणि एकशेचाळिसाव्याला १. त्याआधी १ येत नाही हे विसाव्या आणि अठ्ठाविसाव्या घातांच्या बाक्यांवरून कळतं: ७५ आणि −६७. सगळ्यांचा लसावि ३७८०.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद म्हटलं. ४१३००१ हर्षद आहे, ९ ने भाग जातो. दोनदा लिहिल्यावर बेरीज १८ होते, संख्या विषम राहते, आणि हर्ष जातो.

सरावाला पंढरपूर घ्या: ४१३३०४ = २ × २ × २ × ३ × १७ × १०१३. इथे ३ एकदाच, म्हणून दोन वर्गांची बेरीज होतच नाही, कितीही शोधा. विभाजकांची बेरीज १५ × ४ × १८ × १०१४ = १०९५१२०, संख्येच्या दुपटीहून जास्त, म्हणजे विपुल. सोलापूर न्यून आणि पंढरपूर विपुल, वारकऱ्यांना यात नवल वाटणार नाही. दोघांचा मसावि: ४१३३०४ − ४१३००१ = ३०३, ४१३००१ ला ३०३ ने भागून बाकी १२, ३०३ ला १२ ने भागून ३, आणि १२ ला ३ ने निःशेष. मसावि ३. दोन्ही पिनकोड दोनदा लिहून मसावि काढलात तर ३००००००३ नव्हे, ३००००३ ही नव्हे, ३०००००३ आला पाहिजे. शून्यं मोजून लिहा.

यंत्रावर करताना

एक्सेल १५ अंकांपर्यंतच खरं लिहितं. पिनकोड चार वेळा लिहून २४ अंकी संख्या टाकली तर शेवटच्या नऊ अंकांची शून्यं होतात, आणि मग २, ५, १० सगळ्यांनी "भाग जातो". त्या संख्येचे अवयव हवे असतील तर वरच्यांत १० चा बारावा घात अधिक १ चे अवयव मिळवा: ७३, १३७ आणि ९९९९०००१.

पायथॉनला कितीही लांब पूर्णांक चालतो, पण भागाकाराला एक तिरकी रेघ दिली की उत्तर दशांशात जातं, आणि ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे शेवटचे अंक विश्वासाचे राहत नाहीत. दोन तिरक्या रेघा द्या, बाकीसाठी टक्क्याचं चिन्ह. मोठ्या घाताची बाकी काढताना आधी घात करून मग भागू नका. घाताच्या फंक्शनलाच तिसरी संख्या म्हणून भाजक द्या, म्हणजे यंत्र प्रत्येक पायरीला बाकी घेत जातं.

संख्या मूळ आहे की नाही हे फर्माच्या कसोटीवर (एखादा पाया घेऊन त्याचा, संख्येहून एकाने कमी असा घात करायचा आणि संख्येने भागून बाकी १ येते का पाहायचं) सोडू नका. ३४१ ही पाया २ ला मूळ असल्यासारखी उत्तीर्ण होते, आणि आहे ११ × ३१. ५६१ तर तिच्याशी सहमूळ असलेल्या प्रत्येक पायाला फसवते. मिलर-राबिन कसोटी लावा. बारा अंकी संख्येला २, ३, ५, ७, ११ हे पाच पाये पुरेसे आहेत, उत्तर शंभर टक्के खरं. ही कसोटी "संयुक्त" म्हणाली तर संख्या संयुक्तच, पण अवयव ती देत नाही. मग चाराच्या पाढ्याची रीत लावून पाहा, आणि पाचपंचवीस पायऱ्यांत वर्ग आला नाही तर सरळ भागाकार सुरू करा.